विल्यम स्यूअर्ड व अलास्काची खरेदी

एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राचा मुलूख पैसा देऊन विकत घ्यावा काय? लढाई करून रक्त सांडण्यापेक्षा खरेदी बरी, हे कोणीही कबूल करील. परंतु त्या भूमीवर राहणाऱ्यांस कोणी विचारिले काय, हेही पाहिले पाहिजे. या कामी अमेरिकेचे मुत्सद्दी विल्यम हेन्री स्यूअर्ड यांचे चरित्र बोधप्रद आहे. ते आम्ही थोडक्यात सांगतो.

स्यूअर्ड यांचा जन्म १८०१ साली न्यूयॉर्क संस्थानात झाला. त्यांच्या वडिलांच्या घरी गुलाम होते. त्यांची स्थिती पाहून बालपणीच गुलामगिरीविषयी त्यांच्या मनात तिटकारा उत्पन्न झाला. पुढे ते वकील, गव्हर्नर व सेनेटचे सभासद झाले. देशाच्या राज्यघटनेहूनही श्रेष्ठ असा एक कायदा आहे, असे त्यांनी १८५० साली सेनेटात निर्भयपणे सांगितले. पळून आलेल्या गुलामांस त्यांच्या ऑबर्न येथील घरी आसरा मिळे. १८६१ साली ते लिंकन साहेबांचे परराष्ट्रमंत्री झाले. १८६५ साली ज्या रात्री लिंकन यांस गोळी लागली, त्याच रात्री एका मारेकऱ्याने स्यूअर्ड यांच्या शयनगृहात शिरून त्यांस सुऱ्याने भोसकिले; परंतु देवाच्या कृपेने ते वाचले.

त्या काळी अलास्का प्रांतावर रशिया आपला हक्क सांगत असे. हा प्रांत फार दूर. युद्ध झाल्यास इंग्रज तो घेतील ही भीती. म्हणून रशियाच्या बादशहाने तो विकावयाचे ठरविले. २९ मार्च १८६७ रोजी रात्री रशियाचा वकील होकार घेऊन आला. स्यूअर्ड यांनी सकाळची वाटही पाहिली नाही. पहाटे चारच्या सुमारास करारावर सह्या झाल्या. किंमत ७२ लक्ष डॉलर, म्हणजे एकरास सुमारे दोन सेंट! पुष्कळांनी या बर्फाच्या खरेदीची थट्टा केली. पण पुढे तेथे सोने व तेल सापडले, आणि १९५९ साली अलास्का संयुक्त संस्थानांत एक संस्थान म्हणून सामील झाला. पैशाच्या दृष्टीने सौदा उत्तम ठरला.

परंतु त्या भूमीवर त्लिंगित व इतर लोक पिढ्यान्पिढ्या राहत होते. त्यांस कोणी एक शब्द विचारिला नाही. रशियास आमची भूमी विकण्याचा अधिकार काय, अशी त्लिंगितांनी हरकत घेतली. ती कोणी ऐकली नाही. १८८२ साली अमेरिकेच्या आरमाराने त्यांच्या अंगून गावावर तोफा डागिल्या व गाव जाळिले. त्याबद्दल क्षमा मागावयास २०२४ साल उजाडले. भूमीच्या हक्काचा निवाडाही १९७१ साली, म्हणजे एकशेचार वर्षांनी झाला.

स्यूअर्ड यांस दुसरी रीत ठाऊक नव्हती असे नाही. त्याच १८६७ साली त्यांनी डेन्मार्कची दोन बेटे घेण्याचा करार केला. डेन्मार्कच्या आग्रहावरून तेथील लोकांची मते घेण्यात आली, व बहुतेकांनी होकार दिला. सेनेटने संमती न दिल्यामुळे तो करार फुकट गेला, तरी लोकांस विचारणे शक्य आहे हे त्यावरून दिसून आले.

१८७२ साली ऑबर्न येथे स्यूअर्ड यांचा अंत झाला. गुलामांसाठी ज्या श्रेष्ठ कायद्याची त्यांनी साक्ष दिली, तोच अलास्काच्या वेळी ते विसरले, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. अब्राहामाने मकपेलाचे शेत सर्व हेथी लोकांसमक्ष, धन्याच्या संमतीने, चारशे शेकेल रुपे तोलून घेतले. अहाबानेही नाबोथास मोबदला देऊ केला होता. परंतु नाबोथाचा नकार त्यास सोसवला नाही, आणि तेथेच त्याचे पाप सुरू झाले.

वाचकहो, आपणांपैकी कोणी वाव-दोन वाव जमीन घेईल, तेव्हा खरेदीखतावरील सही-अंगठा पाहून थांबू नये. त्या शेतात कोण राबतो, कोणाची विधवा त्यावर पोट भरते, हेही विचारावे. राष्ट्रांस एक व खेड्यास दुसरा, असे देवाचे दोन न्याय नाहीत.