स्वतःचाच डोळा तपासणारा माणूस : थॉमस यंग

थॉमस यंग हे नाव विज्ञान शाखेच्या मित्रांना प्रकाशलहरींमुळे ठाऊक असते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ते यंगच्या गुणांकामुळे माहीत असते. आम्हा इतिहासवाल्यांना ते भेटते इजिप्तच्या रोझेटा शिलेच्या प्रकरणात. परंतु ज्यांच्या चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंडरचा नंबर लिहिलेला आहे आणि त्याच्या जोडीला वयाची चाळिशीही उलटलेली आहे, अशा माझ्यासारख्यांशी या माणसाचे नाते त्याहून जवळचे आहे. आपल्या डोळ्यांत नेमके काय बिघडते आणि ते कुठे बिघडते, हा प्रश्न त्याने स्वतःच्याच डोळ्याला विचारला व त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो थांबला नाही. कला शाखेच्या वार्षिकात एका डॉक्टरचे चरित्र कशाला, असे कुणाला वाटेल. पण हा डॉक्टर जुन्या लिप्यांच्या नादी लागलेला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

यंगचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या मिल्व्हर्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे साध्या राहणीचे आणि डामडौलाचे वावडे असलेले. दहा भावंडांत तो थोरला. दुसऱ्या वर्षीच त्याला वाचता येऊ लागले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. चौदा वर्षांचा होईपर्यंत लॅटिन व ग्रीक या भाषांबरोबर फ्रेंच, इटालियन, हिब्रू अशा कितीतरी भाषांशी त्याचा परिचय झाला होता. आजोळच्या नात्यातले डॉ. रिचर्ड ब्रॉकल्सबी हे लंडनमधील नामांकित वैद्य. त्यांच्या आधाराने त्याने वैद्यकाचा मार्ग धरला. लंडन, एडिंबरो, जर्मनीतील गटिंगेन आणि शेवटी केंब्रिज असा त्याच्या शिक्षणाचा प्रवास झाला. १७९७ मध्ये ब्रॉकल्सबी वारले, आणि त्यांनी मागे ठेवलेले घर व पैसा यांमुळे यंग पोटापाण्याच्या विवंचनेतून बराचसा मोकळा झाला.

विद्यार्थिदशेतच त्याला एका कोड्याने पछाडले. पुस्तकावरची नजर उचलून आपण खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहतो, तेव्हा दोन्ही वस्तू आपल्याला स्पष्ट दिसतात. कॅमेऱ्यात यासाठी भिंग मागेपुढे सरकवावे लागते. मग डोळ्यात काय सरकते? कुणी म्हणे डोळ्याचा गोळा लांबतो, कुणी म्हणे पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, अधिक फुगीर होतो, तर कुणी म्हणे आतले नेत्रभिंग आपला आकार बदलते. यंगने बैलाचा डोळा फाडून पाहिला आणि नेत्रभिंगच आकार बदलते, असे मत १७९३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. तेव्हा त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढच्याच वर्षी सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. मात्र त्याच्या मतावर आक्षेप आले, आणि काही काळ त्याने ते मत मागेही घेतले. वाद घालण्यापेक्षा पुन्हा तपासून पाहावे, हा त्याचा स्वभाव होता.

तो तपास त्याने १८०० सालच्या नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या व्याख्यानात मांडला. त्यासाठी लागणारा डोळा मिळवायला त्याला कुठे जावे लागले नाही. पद्धत एकच होती : संशयितांना एकेक करून बाजूला काढायचे. गोळा लांबतो का हे पाहण्यासाठी त्याने डोळा नाकाकडे वळवून बाहेरच्या कोपऱ्यातून किल्लीची कडी सोसवेल तितकी आत दाबली. बुबुळावर असा दाब पडला की आपल्याला प्रकाशाचे एक वलय दिसते. जवळ पाहताना गोळा लांबत असता, तर ते वलय बदलले असते. ते बदलले नाही. पारपटल फुगते का, हे त्याने त्यात पडणाऱ्या प्रतिबिंबांवरून तपासले. तिथेही फरक आढळला नाही. शिवाय मोतीबिंदूमुळे नेत्रभिंग काढून टाकलेल्या माणसांचे डोळे त्याने तपासले. त्यांना जवळ-दूर अशी नजर जुळवता येत नव्हती. अर्थात संशय पुन्हा नेत्रभिंगावरच आला.

हे सर्व मोजण्यासाठी त्याने ऑप्टोमीटर नावाचे एक साधे उपकरण सुधारून घेतले होते. एका पट्टीवर रेघ ओढलेली असते, आणि दोन बारीक फटींतून ती पाहिली की एकीच्या दोन रेघा दिसतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात, ते डोळ्याच्या स्पष्ट दृष्टीचे ठिकाण. मोजणी करताना यंगला एक विलक्षण गोष्ट दिसली. पट्टी उभी धरली तर रेघा दहा इंचांवर छेदत, आडवी धरली तर सात इंचांवर. म्हणजे त्याचा डोळा लघुदृष्टीचा तर होताच, पण उभ्या आणि आडव्या दिशेला त्याची ताकद वेगळी होती. आजच्या मापात हा फरक पावणेदोन डायॉप्टरच्या आसपास भरतो. ज्याला आपण अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतो, त्याचे मोजमाप करून केलेले हे पहिले वर्णन. गंमत अशी की या दोषाचा त्याला रोजच्या व्यवहारात काही त्रास झालेला नव्हता. केरी नावाच्या चष्मेवाल्याकडे त्याने ही गोष्ट काढली, तेव्हा काही गिऱ्हाइकांना भिंग तिरके धरल्यावर अधिक चांगले दिसते, हे त्या अनुभवी माणसाला आधीच माहीत होते, असे कळले.

आपल्या देवनागरीत हा दोष चटकन लक्षात येतो. एखाद्याला शिरोरेघ ठसठशीत दिसते आणि काना मात्र फिसकटलेला, तर दुसऱ्याला नेमके उलट. अक्षर जवळ आणा वा दूर न्या, दोन्ही एकदम काही नीट होत नाहीत. साध्या गोल भिंगाने ही तक्रार जात नाही, कारण ते सर्व दिशांना सारखेच काम करते.

आता यंगच्या सर्वांत धाडसी प्रयोगाकडे वळू. विहिरीत पोहताना ज्यांनी पाण्याखाली डोळे उघडले असतील, त्यांना तिथे सारे धूसर दिसते, हे ठाऊक असेल. कारण डोळ्याच्या एकूण शक्तीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा पारपटलाचा असतो. त्याला पाणी लागले की ती शक्ती जवळजवळ नाहीशी होते, कारण पाणी आणि पारपटल प्रकाशाला सारखेच वळवतात. यंगने वनस्पती पाहण्याच्या एका छोट्या सूक्ष्मदर्शकातले भिंग काढले. त्याची खोबण एक पंचमांश इंच खोल होती. कडा मेणाने बंद केल्या, त्यात तीन चतुर्थांश भरेल इतके गार पाणी ओतले, आणि ती खोबण आपल्या उघड्या डोळ्यावर बसवली. पारपटल पाण्यात बुडाले, म्हणजे हिशेबातून बाद झाले. त्याची उणीव भरून काढण्यासाठी बाहेर आणखी एक भिंग लावले, आणि पुन्हा मोजणी सुरू केली. निष्कर्ष दोन निघाले. पहिला, जवळ-दूर नजर जुळवण्याची शक्ती पूर्वीइतकीच शिल्लक होती. तेव्हा ती पारपटलाची नव्हे, आतल्या भिंगाची. दुसरा, उभ्या-आडव्या दिशांतला फरकही तसाच होता. तेव्हा त्याचा अ‍ॅस्टिग्मॅटिझमही पारपटलात नसून आत होता.

डोळ्याला भिडलेले पाणी आणि त्यावर भिंग, ही कल्पना वाचून आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सची आठवण झाल्यावाचून राहत नाही. यंगला ती वस्तू करायची नव्हती. त्याला प्रश्न सोडवायचा होता. परंतु वाट तिथूनच जाते. १८२५ मध्ये जॉर्ज एअरी या ज्योतिर्विदाने स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंडरच्या आकाराचे भिंग घडवून घेतले. १८८८ मध्ये झुरिचच्या अडॉल्फ फिकने डोळ्यावर बसवायच्या काचेच्या लेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ च्या नाताळात चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले याने घरी मुलांच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रावर मऊ लेन्स तयार केल्या. यंगचे सगळेच बरोबर होते असे नाही. नेत्रभिंग हाच एक स्नायू आहे असे तो समजत असे. प्रत्यक्षात भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग आपल्या लवचिकपणाने फुगते. बहुतेक लोकांचा अ‍ॅस्टिग्मॅटिझम पारपटलातच असतो, हेही पुढे डच डॉक्टर डॉन्डर्स याच्या काळात स्पष्ट झाले. पण यंगची पद्धत मात्र आजही जुनी झालेली नाही.

हे मी अनुभवाने सांगते. माझे वय सत्तेचाळीस. सुटीत मी मोडी कागदपत्रे वाचते आणि एरवी वर्गात शिकवते. म्हणजे मला मागच्या बाकावरचा चेहराही दिसायला हवा आणि दोनशे वर्षांपूर्वीची पुसट शाईही. चष्म्याचा कंटाळा आला म्हणून लेन्स घ्यायचे ठरवले, तेव्हा समोर इतके प्रकार आले की डोके गरगरले. त्या वेळी यंगचा प्रश्न मला उपयोगी पडला : दोष आहे कुठे? तपासणीत पारपटलाची वक्रता यंत्राने मोजली, आणि माझा सिलिंडरचा नंबर जवळजवळ सगळा तिथलाच निघाला. अशा डोळ्याला कडक लेन्स चालते, कारण ती आपला गोल आकार सोडत नाही, आणि तिच्यामागचे अश्रूंचे पाणी पारपटलाचा वाकडेपणा भरून काढते. यंगच्या खोबणीतले पाणी हेच काम करत होते. परंतु यंगसारखा दोष आत असेल, तर साधी गोल कडक लेन्स तो दुरुस्त करू शकत नाही. मऊ लेन्स पारपटलाचाच आकार घेते. म्हणून तिच्यात सिलिंडरचा नंबर घडवावा लागतो आणि ती डोळ्यात फिरू नये म्हणून खालची बाजू थोडी जड ठेवावी लागते. तिला टोरिक लेन्स म्हणतात. ती ३० अंशांनी फिरली, तर सिलिंडरचा फायदा जवळजवळ शून्य होतो.

राहिला प्रश्न चाळिशीचा. सत्ताविसाव्या वर्षी यंगच्या डोळ्याची नजर जुळवण्याची शक्ती दहा डायॉप्टरच्या घरात होती. भिंग वर्षानुवर्षे कडक होत जाते, आणि पन्नाशीच्या सुमारास ती दोनच्या आसपास येते. हा दोष आतला, म्हणून डोळ्यावर काहीही बसवले तरी मूळ ताकद परत येत नाही. फक्त तडजोड करता येते. एका डोळ्याला दूरचा व दुसऱ्याला जवळचा नंबर दिला, तर खोलीचा अंदाज काहीसा जातो. एकाच लेन्समध्ये दोन्ही नंबर बसवले, तर प्रकाश वाटला जातो आणि मंद उजेडात फिकी अक्षरे आणखी फिकी दिसतात. पायऱ्या-जिन्यांवर वावरणाऱ्याने पहिल्याचा आणि बारीक काम करणाऱ्याने दुसऱ्याचा विचार जपून करावा. दोन्ही लेन्स मी चार-चार दिवस लावून पाहिल्या. शेवटी दूरसाठी दोन्ही डोळ्यांत टोरिक लेन्स, आणि दप्तर उघडले की नाकावर चाळिशी, हे मी पत्करले. चष्मा पूर्ण सुटला नाही, पण काना आणि शिरोरेघ दोन्ही सापडले. ही माझ्या कामाची निवड आहे. वाहन चालवणाऱ्याची वा शिलाई करणारीची वेगळी असेल. वयाबरोबर डोळे कोरडेही होतात, त्याचाही विचार नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्यावा. आणि यंगने डोळ्यावर पाणी ठेवले म्हणून कुणी लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नये. त्यातून होणारा जंतुसंसर्ग दृष्टी घालवू शकतो.

यंगचे पुढचे आयुष्य असेच अनेक वाटांनी गेले. १८०१ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला, पण दोनच वर्षांत त्याने ते पद सोडले. डोळ्याला सारे रंग तीनच मूळ संवेदनांतून कळत असावेत, हे त्याने याच काळात सुचवले. प्रकाश लहरींनी चालतो, या त्याच्या मतावर एका प्रतिष्ठित नियतकालिकाने कडवट टीका केली, आणि त्याच्या उत्तराची पुस्तिका कुणी विकत घेतली नाही म्हणावे, अशी तिची गत झाली. १८११ पासून अखेरपर्यंत तो लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्य होता. १८१४ मध्ये रोझेटा शिलेने त्याला ओढून घेतले. तिथेही त्याने चौकटीत कोरलेल्या टॉलेमी राजाच्या नावापासून सुरुवात केली आणि एकेक चिन्ह वेगळे काढत गेला. १८१९ मध्ये त्याचा इजिप्तवरचा लेख ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या पुरवणीत आला. लिपी पूर्ण उलगडण्याचे श्रेय १८२२ नंतर फ्रान्सच्या शांपोल्याँला गेले, आणि ते रास्तही आहे.

१० मे १८२९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, यंगचे निधन झाले. अखेरच्या आजारात तो इजिप्तच्या डेमोटिक लिपीच्या शब्दकोशाचे काम करत होता. हाताला लेखणी पेलेना, तेव्हा त्याने पेन्सिल घेतली. माझ्या मनात येते, सात आणि दहा इंचांवर स्पष्ट पाहणारा तो लघुदृष्टीचा डोळा त्या वयातही कागद जवळ घेऊन चाळिशीवाचून वाचू शकला असेल. ज्या दोषाचे त्याने मोजमाप केले, त्याच दोषाच्या शेजारी ही एक सोयही नांदत होती.

विद्यार्थी मित्रहो, डोळ्यांची तक्रार असो वा जुन्या कागदावरचे न लागणारे अक्षर असो, उत्तर विकत घेण्याआधी दोष कुठे आहे ते शोधावे, ही यंगची शिकवण आहे. त्यासाठी त्याच्यासारखी किल्ली डोळ्यात घालण्याची आज गरज नाही. वेळेवर तपासणी करून घेतली आणि तपासणाऱ्याला दोन प्रश्न नीट विचारले, तरी पुरे.