जॉन केमेनी : संगणकाची दारे उघडणारा गणिती

१ मे १९६४ची पहाट. अमेरिकेतील हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ महाविद्यालयाच्या एका तळघरात, गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी आणि त्यांचा एक विद्यार्थी दोन टेलिटाइप यंत्रांसमोर बसले होते. चारच्या सुमारास दोघांनी एकाच वेळी ‘रन’ हा शब्द टंकित केला आणि एकाच संगणकाने दोघांनाही आपापले अचूक उत्तर दिले. आज ब्राउझर उघडून शेल स्क्रिप्टच्या चार ओळी लिहाव्यात, ‘रन’ दाबावे आणि दूरच्या सर्व्हरने काढलेले उत्तर क्षणात वाचावे, हे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडले आहे. या सोयीचे एक मूळ त्या पहाटेत सापडते.

केमेनी जन्मले १९२६ साली बुडापेस्टमध्ये, ज्यू कुटुंबात. १९४०मध्ये वडिलांनी कुटुंबाला अमेरिकेत नेले. मागे राहिलेले आजोबा नाझींच्या नरसंहारात बळी पडले. प्रिन्स्टनला शिकत असतानाच युद्धकाळात त्यांना लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पावर धाडण्यात आले. तेथे पंचकार्डांच्या यंत्रांवर रात्रंदिवस आकडेमोड चाले. पुढे काही काळ ते आइन्स्टाइन यांचे गणिती सहायक होते. १९५३ साली डार्टमथमध्ये आले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते.

त्या काळी संगणक वापरणे म्हणजे कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाकडे सोपवून वाट पाहणे. एक स्वल्पविराम चुकला, तरी सारा खटाटोप पुन्हा. सहकारी थॉमस कुर्ट्झ यांचे म्हणणे होते की, प्रत्येक विद्यार्थ्याला, साहित्य वा इतिहास शिकणाऱ्यालाही, संगणक हाताळता आला पाहिजे. केमेनींनी ते उचलून धरले. एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यावा, ही सूचना मॅकार्थी यांनी कुर्ट्झ यांना केली होती. डार्टमथच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीच त्यासाठीचे बरेचसे प्रोग्राम लिहिले. यंत्र आळीपाळीने प्रत्येकाकडे थोडा थोडा वेळ वळे. पण तो वेग असा, की प्रत्येकाला यंत्र आपल्याच दिमतीला आहे असे वाटावे. चूक झाली तर समोरच्या कागदावर लगेच कळे, आणि ती सुधारून पुन्हा चालवता येई. केमेनी व कुर्ट्झ यांनी नवशिक्यांसाठी रचलेली भाषा म्हणजे बेसिक. ग्रंथालयाच्या उघड्या कपाटांप्रमाणे संगणकही विद्यार्थ्यांना विनामूल्य होता. माझ्या मते भाषेहून हा निर्णय मोठा होता.

शेलचे श्रेय मात्र केमेनींकडे जात नाही. साधारण त्याच काळात एमआयटीत लुई पूझँ यांनी आज्ञा फाइलमध्ये लिहून एकामागून एक चालवण्याची युक्ती काढली. ‘शेल’ हे नावही त्यांचेच.

१९७० ते १९८१ केमेनी डार्टमथचे अध्यक्ष होते. १९७२पासून तेथे मुलींना पदवीसाठी प्रवेश मिळू लागला. १९७९मध्ये थ्री माइल आयलंड अणुदुर्घटनेच्या चौकशी आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. घरगुती संगणकांवर बेसिकची जी मोडतोड झाली, ती त्यांना रुचली नाही; म्हणून कुर्ट्झ यांच्यासह त्यांनी ‘ट्रू बेसिक’ काढली, पण जुन्या बेसिकइतकी ती पसरली नाही. अध्यक्षपदाच्या धबडग्यातही त्यांनी गणिताचे वर्ग घेणे सोडले नव्हते. पायउतार होताच ते पूर्णवेळ अध्यापनाकडे परतले. २६ डिसेंबर १९९२ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.