बेकारी भत्त्यामागची बाई : फ्रान्सिस पर्किन्स



मंदी आली की आपल्या घरांतली बोलणी बदलतात. कुणाच्या कंपनीत ले-ऑफ झाले, कुणाचा प्रोजेक्ट बंद पडला, घराचा हप्ता कसा भरायचा, हेच विषय पॉटलकला निघतात. २००१ साली हे झालं, २००८ साली झालं आणि २०२० मध्ये तर सगळ्या जगानं पाहिलं. अशा वेळी कुणीतरी हळूच अनएम्प्लॉयमेंटचा अर्ज भरायला सुचवतं. हा बेकारी भत्ता आपण गृहीत धरतो, पण १९३५ पूर्वी देशभर लागू होणारी अशी व्यवस्था अमेरिकेत नव्हती. ती उभी करण्यात ज्या बाईंचा वाटा फार मोठा, त्या फ्रान्सिस पर्किन्स यांची ही ओळख.

पर्किन्सबाईंचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टनमध्ये झाला. बालपण वूस्टरमध्ये गेलं, पण घराण्याचं मूळ मेन राज्यातल्या न्यूकॅसल गावचं. घरची माणसं सुखवस्तू आणि जुन्या विचारांची. गरीब माणूस हा आळसामुळे किंवा दारूमुळे गरीब होतो, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. माउंट होलिओक कॉलेजात शिकताना एका वर्गासाठी त्यांना जवळच्या गिरण्या पाहायला जावं लागलं. तिथे राबणाऱ्या बाया आणि पोरं पाहिली आणि ही समजूत डळमळली. एखाद्याचा हात यंत्रात सापडला की अख्खं घर उघड्यावर येतं, हे त्यांना दिसलं. १९०२ मध्ये पदवी घेतल्यावर त्या शिक्षिका झाल्या आणि शिकागोच्या हल हाउस या सेवाकेंद्रात काम करू लागल्या. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाल्या.

२५ मार्च १९११ या दिवशी त्या वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. अग्निशमन दलाच्या घंटा ऐकून सगळे बाहेर धावले. समोरच ट्रायँगल शर्टवेस्ट कारखाना पेटला होता. एक दार कुलूपबंद होतं, शिड्या वरच्या मजल्यांपर्यंत पोचत नव्हत्या आणि मुली खिडक्यांतून खाली उड्या टाकत होत्या. त्या दिवशी १४६ जीव गेले. पर्किन्सबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. आमदारांना त्या प्रत्यक्ष कारखान्यांत घेऊन जात. न्यूयॉर्कचे कारखाना कायदे बदलले, त्यात या भेटींचा मोठा वाटा होता.

१९१३ मध्ये त्यांनी पॉल विल्सन यांच्याशी लग्न केलं, पण नाव मात्र माहेरचंच ठेवलं. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. १९१६ मध्ये मुलगी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पतीला मानसिक आजारानं गाठलं आणि तो आयुष्यभर पुरला. घर चालवण्याची जबाबदारी बाईंवर आली. मिळवता माणूस कमवेनासा झाला की घराचं काय होतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

१९२९ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी पर्किन्सबाईंना राज्याच्या कामगार खात्याचं प्रमुख केलं. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. १९३० च्या सुरुवातीला अध्यक्ष हूवर यांनी रोजगार वाढू लागल्याचं जाहीर केलं. बाईंनी न्यूयॉर्कचे आकडे काढले, तर चित्र उलटंच होतं. गव्हर्नरांनाही न विचारता त्यांनी ते वर्तमानपत्रांना देऊन टाकले! रूझवेल्ट रागावले नाहीत, उलट खूष झाले. १९३१ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे १९११ च्या कायद्यानं बेकारी विमा सुरू झाला होता, त्याचा अभ्यास करून आल्या.

१९३३ उजाडलं तेव्हा अमेरिकेत दर चार कामगारांपैकी एक जण बेकार होता. रूझवेल्ट अध्यक्षपदी निवडून आले होते आणि त्यांना पर्किन्सबाई मजूरमंत्री म्हणून हव्या होत्या. बाईंनी होकार देण्याआधी आपली यादी पुढे ठेवली: कामाचे तास मर्यादित, किमान वेतन, बालमजुरीवर बंदी, बेकारांना मदत, बेकारी विमा, वृद्धांना पेन्शन आणि आरोग्य विमा. रूझवेल्टनी मान्य केलं आणि अमेरिकेच्या मंत्रिमंडळात पहिली स्त्री बसली. सलग बारा वर्षं, १९४५ पर्यंत, त्या त्या खुर्चीवर होत्या.

पहिलं काम आग विझवण्याचं. हॅरी हॉपकिन्स मदतीची योजना घेऊन त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ती रूझवेल्टपर्यंत पोचवली. त्यातून ५० कोटी डॉलर्सची मदत राज्यांना मिळाली. तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर निघाली. जंगलात झाडं लावायची, रस्ते-पायवाटा बांधायच्या, महिना ३० डॉलर्स पगार आणि त्यातले बहुतेक, साधारण २५, घरी पाठवायचे. मुलं निवडण्याचं काम मजूर खात्याकडे होतं. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण त्यातून गेले.

पण पुढच्या मंदीचं काय? १९३४ मध्ये रूझवेल्टनी एक समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद बाईंकडे दिलं. बेकारी विमा केंद्रानं चालवायचा की राज्यांनी, यावर सदस्यांचं एकमत होईना. वर्ष संपत आलं तेव्हा बाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं, फोन बंद करून ठेवला, टेबलावर व्हिस्कीची बाटली ठेवली आणि निर्णय झाल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही!

तोडगा मोठा चलाखीचा होता. केंद्रानं मालकांवर पगाराच्या प्रमाणात कर लावायचा, पण राज्यानं स्वतःचा बेकारी विमा सुरू केला तर त्यातली ९० टक्क्यांपर्यंत सूट द्यायची. न केल्यास ते पैसे वॉशिंग्टनला जाणार. मग कोण मागे राहील? १९३७ पर्यंत सगळ्या राज्यांनी कायदे केले. जो मालक वारंवार माणसं काढतो त्याला जास्त कर, अशीही सोय राज्यांना ठेवता आली. भत्ता घेणाऱ्यानं रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं आणि योग्य काम मिळालं की स्वीकारायचं. त्यासाठीची कार्यालयं १९३३ च्याच एका कायद्यानं नव्यानं उभी राहत होती. म्हणजे माणूस घरी बसून हताश होण्याआधीच त्याचा कामाशी धागा जुळलेला राहायचा. आणि त्याच्या हातात चार पैसे असले की वाण्याचं दुकानही चालू राहायचं.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही झाली. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये बाईंचे आजारी पती देखभाल करणाऱ्यांची नजर चुकवून निघून गेले होते. समारंभ आटोपताच त्या त्यांना शोधायला न्यूयॉर्कला धावल्या. फोटोत मात्र यातलं काही दिसत नाही.

कायदा परिपूर्ण नव्हता. शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले गेले, आणि त्या काळी काळ्या मजुरांपैकी बहुतेक जण हीच कामं करत. ही उणीव पुढे बऱ्याच वर्षांनी थोडी थोडी भरून निघाली. आरोग्य विमा तर राहूनच गेला. किमान वेतन आणि कामाचे तास यांचा कायदा मात्र १९३८ मध्ये झाला. १९३९ मध्ये काही विरोधकांनी बाईंवर महाभियोगाचा ठराव आणला, पण तो टिकला नाही.

मंत्रिपद सोडल्यावर त्यांनी रूझवेल्टवर पुस्तक लिहिलं आणि उतारवयात कॉर्नेल विद्यापीठात शिकवलं. १४ मे १९६५ रोजी त्या गेल्या. वॉशिंग्टनमधल्या मजूर खात्याच्या इमारतीला १९८० पासून त्यांचं नाव आहे आणि न्यूकॅसलचं त्यांचं घर डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झालं. उन्हाळ्यात मेनकडे जाणाऱ्यांनी जरूर वाट वाकडी करावी.

जाता जाता एक सांगावंसं वाटतं. नोकरी गेल्यावर हा भत्ता घ्यायला आपल्यातल्या अनेकांना संकोच वाटतो, चारचौघांत नाव निघेल अशी भीती वाटते. व्हिसावर असलेल्यांचे नियम वेगळे आहेत, ते आधी नीट विचारून घ्यावेत. पण ज्यांचा हक्क आहे त्यांनी लाजू नये. पर्किन्सबाईंनी आग्रहानं याला विम्याचं रूप दिलं ते याचसाठी. आपण काम करत होतो तेव्हा आपल्या पगारावर त्याचा हप्ता भरला गेलेला असतो. ही भीक नव्हे.