ह्यूमसाहेबांची खतावणी

शाळेच्या इतिहासात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव एका ओळीत येते. २८ डिसेंबर १८८५, मुंबईची गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा, ७२ प्रतिनिधी आणि राष्ट्रीय सभेची स्थापना. परीक्षेत टीप लिहिली की ह्यूमसाहेबांशी आपला संबंध संपतो. माझा मात्र तो पुन्हा जडला, आणि तोही पाखरांमुळे. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० सालच्या गॅझेटियरमध्ये पक्ष्यांची माहिती वाचताना व्हिडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याची ओळख झाली. या व्हिडालचा माग काढीत गेलो, तो थेट ह्यूम यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सभा भरवणारे ह्यूम आणि पाखरांची नोंद ठेवणारे ह्यूम ही दोन माणसे नव्हेत, एकच. इतकेच नव्हे, तर दोन्ही कामांची रीतही एकच, असे मला हळूहळू वाटू लागले. त्या रीतीविषयी हा लेख आहे.

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटमधले नावाजलेले सुधारक. हेलीबरीच्या कॉलेजात शिक्षण घेऊन आणि थोडे वैद्यकही शिकून ह्यूम १८४९ साली हिंदुस्थानात आले. उत्तरेकडील इटावा जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी गावोगाव मोफत प्राथमिक शाळा काढल्या. दारूच्या कराचा पैसा सरकारी तिजोरीत यावा हे त्यांना पटत नसे, आणि न पटलेले वरिष्ठांना सांगितल्यावाचून त्यांना राहवत नसे. पाखरांची आवड तेव्हापासूनची. १८५७ च्या धामधुमीत त्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला. दुसरा एखादा तेथेच थांबला असता. ह्यूम यांनी नव्याने सुरुवात केली.

१८६७ साली ते अंतर्गत जकातीचे आयुक्त झाले. मिठावरचा कर चुकू नये म्हणून त्या काळी सरकारने मुलखात आडवी नाकेबंदी उभी केली होती. ती सुमारे अडीच हजार मैल लांब होती आणि तिच्या मोठ्या भागात काटेरी झाडांचे जिवंत कुंपण लावलेले होते. गरिबाच्या मिठावर पहारा ठेवण्याचे हे काम. पण त्यानिमित्ताने मैलोगणती प्रवास घडे, आणि त्या प्रवासात ह्यूम यांच्या नोंदवह्या भरत गेल्या. १८७१ साली ते शेती, महसूल व व्यापार खात्याचे सचिव झाले. सिमल्यास जाखू टेकडीवरच्या त्यांच्या ‘रॉथनी कॅसल’ या घरात पक्ष्यांचे संग्रहालय उभे राहिले.

एवढा मोठा देश एकट्या माणसाने पाहून होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १८७२ साली त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’, म्हणजे गळालेली पिसे, या नावाचे नियतकालिक सुरू केले. जिल्ह्याजिल्ह्यांतले कलेक्टर, वनाधिकारी, लष्करी अंमलदार, डॉक्टर त्यांना पत्रे लिहीत. कोणते पाखरू, कोठे, कोणत्या तारखेला, घरटे कशावर, अंडी किती, अशी ती माहिती असे. व्यापाऱ्याच्या खतावणीत जसे प्रत्येक कुळाचे खाते, तसे येथे प्रत्येक पाखराचे. आलेली नोंद ह्यूम तपासत, दुरुस्त करीत, वादही घालीत. त्यांच्या अधिकारवाणीमुळे लोक त्यांना पक्षिशास्त्राचे पोप म्हणत.

या खतावणीतच आपल्या रत्नागिरीचे खाते आहे. १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’च्या नवव्या खंडात जी. डब्ल्यू. व्हिडाल यांची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी छापून आली. ती जवळजवळ शंभर पानांची आहे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. तो वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. ह्यूम यांना हा किनारा अगदीच परका नव्हता. १८७५ साली त्यांनी लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याची समुद्रसफर केली होती आणि पुढच्याच वर्षी तिचा वृत्तान्त छापला होता. तरीही खाडी, खाचरे आणि तळी यांची माहिती येथे राहणाऱ्यानेच द्यायची, ही त्यांची शिस्त. घरटी दाखवणाऱ्या, पाखरांची नावे सांगणाऱ्या गावकऱ्यांची नावे मात्र अशा पानांत क्वचितच सापडतात. हे देणे त्या खतावणीत जमा करायचे राहून गेले आहे.

अशी यादी वाचली की माणूस घरात बसत नाही. भाद्रपद संपता संपता, हस्ताचा पाऊस उघडीप देतो तेव्हा मी शीळच्या धरणाच्या काठाने आणि आसपासच्या तळ्यांवर हिंडू लागलो. हळवे भात पिवळे पडलेले असते, गरवे अजून हिरवे असते. तारेवर वेडे राघू ओळीने बसतात, एकदम झेप घेतात आणि चतुर पकडून परत त्याच जागी येतात. चिखलात ढोकरी निश्चल उभी असते. उडाली की तिचे पांढरे पंख दिसतात आणि मग कळते, की ती तेथे होती. एके सकाळी शेपूट वरखाली हलवीत धोबी दिसतो. काल तो नव्हता. उत्तरेकडून आलेल्या या पाहुण्याची तारीख मी वहीत टिपतो.

या तारखेने काय होते, असे मित्र विचारतात. त्यांना मी वर सांगितलेल्या चतुरांचेच उदाहरण देतो. पाऊस सरताना मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. तरी दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास तेथे हेच चतुर उतरतात. चार्ल्स अँडरसन या तेथे राहणाऱ्या सागरी जीवशास्त्रज्ञाने त्यांच्या आगमनाच्या तारखा वर्षानुवर्षे टिपल्या आणि २००९ साली निष्कर्ष मांडला, की हे कीटक हिंदुस्थानातून निघून समुद्र ओलांडत आफ्रिकेकडे जातात. दोन बोटांएवढ्या जिवाचा एवढा प्रवास उलगडला, तो साध्या तारखांच्या आधारावर.

ह्यूम यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला पचायला जड गेली. त्या काळी पाखरू ओळखायचे म्हणजे बंदुकीने पाडायचे, अशी पद्धत होती. रॉथनी कॅसलच्या कपाटांत हजारो पाखरांची कातडी होती. १८८१ साली मणिपूरच्या मोहिमेत सापडलेल्या एका सुंदर रानकोंबड्याच्या जातीला त्यांनी पत्नीचे नाव दिले. हा गौरवही मेलेल्या पाखराच्या कातड्यावरच लिहिलेला. पण पुढे थिऑसॉफीच्या विचारांचा प्रभाव पडला, ह्यूम शाकाहारी झाले आणि त्यांनी पाखरे मारणे सोडून दिले. ज्या कामात माणसाने कीर्ती मिळवली, त्याच कामातली हिंसा ओळखून हात मागे घेणे सोपे नसते. म्हणून त्यांच्या संग्रहाइतकाच त्यांचा हा त्यागही मला मोठा वाटतो.

संकटे मात्र एकामागून एक आली. सरकारच्या धोरणावर स्पष्ट बोलल्यामुळे १८७९ साली त्यांना सचिवपदावरून दूर करून अलाहाबादला पाठवण्यात आले. १८८२ साली ते निवृत्त झाले. आता हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ लिहायचा, हा त्यांचा संकल्प होता आणि त्यासाठी सुमारे पंचवीस वर्षांची टिपणे जमली होती. १८८४ च्या हिवाळ्यात ते सिमल्याबाहेर होते. परत येऊन पाहतात तो हस्तलिखिते नाहीत. घरातल्या नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकली होती. ग्रंथ तेथेच संपला. त्यांनी सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून ती संख्या ऐंशी हजारांच्या आसपास होती. देवदाराच्या ४७ पेट्या भरून १८८५ साली हा संग्रह सिमल्याहून रवाना झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभा भरली. १ मार्च १८८३ रोजीच ह्यूम यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना उद्देशून पत्र लिहून देशकार्यासाठी पुढे येण्याचे आवाहन केले होते. सभा पुण्यास व्हायची होती, पण तेथे कॉलऱ्याची साथ आल्याने ती मुंबईस हलवली. गावोगावच्या विखुरलेल्या माणसांना पत्रांनी जोडायचे, प्रत्येकाने आपल्या मुलखाची खरी माहिती आणायची आणि त्यातून देशाचे चित्र उभे करायचे. पाखरांच्या कामात त्यांचा हात बसला होता तो याच रीतीवर.

थोरला ग्रंथ रद्दीत गेला. उरल्या त्या छोट्या नोंदी. त्यांची किंमत काय, हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले. १८७३ साली ह्यूम यांनी एका पिंगळ्याची नवी जात म्हणून नोंद केली. हाच रानपिंगळा. पुढे डेव्हिडसन या खानदेशातल्या अधिकाऱ्याने शहादा भागात तो मिळवला. १८८४ नंतर मात्र तो कोणाला सापडेना. मधल्या काळात माइनर्टझागेन या इंग्रज कर्नलने आपल्याला तो १९१४ साली गुजरातेत मांडवीस मिळाल्याचा दावा केला, आणि शोधणारे त्या चुकीच्या जागी शोधत राहिले. ते कातडे त्याने म्युझियममधून चोरलेले होते आणि चिठ्ठी खोटी होती, हे नंतर उघड झाले. पामेला रासमुसेन यांनी खोट्या नोंदी बाजूला सारून खऱ्यांवर विश्वास ठेवला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांच्या तुकडीला शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! खोट्या चिठ्ठीने पाखरू दडवले होते. खऱ्या चिठ्ठीने ते परत मिळवून दिले.

१८९४ साली ह्यूम मायदेशी परतले. उतारवयात ते वनस्पतींकडे वळले आणि १९१० साली त्यांनी साऊथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. बंदूक गेली, पण टिपण्याची सवय गेली नाही. ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

व्हिडालसाहेबांनी आपल्या यादीला पहिली यादी म्हटले, म्हणजे पुढची कोणीतरी करावी हे त्यांनी गृहीतच धरले होते. आपल्या महाविद्यालयात मालवण, देवरुख, गुहागर, लांजा अशा कितीतरी ठिकाणांहून मुले-मुली येतात. प्रत्येकाच्या गावी एखादे तळे आहे, खाचरे आहेत, आणि आजी-आजोबांच्या तोंडी पाखरांची आपली अशी नावे आहेत. यंदाच्या आश्विनात धोबी कोणाच्या अंगणात कधी उतरला, एवढे जरी आपण खरेखुरे लिहून ठेवले, तरी या खात्यात पुढची ओळ पडेल.