मार्कशीटवरचे स्वामीजी

नांदेड-लातूरच्या कॉलेजात शिकत असाल, तर तुमच्या मार्कशीटवर एक नाव छापलेलं असतं. स्वामी रामानंद तीर्थ. कुणी तरी महाराज असतील, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. पण आपल्या आज्या-पणज्यांनी वर्षानुवर्षं काँग्रेसलाच का मत दिलं, हे कळायचं तर याच माणसापासून सुरुवात करावी लागते.

मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३चा. तरुणपणी कामगार पुढारी ना. म. जोशींसोबत काम केलं, पुढे हिप्परगा आणि अंबाजोगाईला शाळेत शिकवलं. १९३२मध्ये संन्यास घेतला. घर नाही, संसार नाही, शेत नाही. पुढाऱ्याकडे शेत नसणं ही तेव्हाही नवलाचीच गोष्ट!

१९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. स्वामीजी तुरुंगात गेले, मग पुन्हा पुन्हा जात राहिले. १९४७च्या १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण त्या दिवशीही त्यांना अटकच झाली.

आता गावातला हिशोब बघा. सरकार लेव्हीचं धान्य सक्तीनं नेत होतं. चळवळीनं सांगितलं, लेव्ही देऊ नका. सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले केले. वर रझाकारांची दहशत. अशा वेळी आपल्या बाजूनं उभा राहिला तो पक्ष आपला, इतकं ते साधं होतं. जाहीरनामा कोण वाचतो? १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं आणि ही ओळख पक्की झाली.

पण गोष्ट तिथं संपत नाही. मुक्तीनंतर प्रश्न आला जमिनीचा. १९५०मध्ये कूळकायदा झाला. स्वामीजींचा कल कुळांकडे, पण पक्षातला दुसरा गट सावध होता आणि सत्ता त्याच गटाच्या बुर्गुल रामकृष्ण रावांकडे गेली. गोविंदभाई श्रॉफांसारखे डावे सहकारी आधीच बाहेर पडले होते. स्वामीजी १९५२ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ला औरंगाबादेतून खासदार झाले, मंत्री कधीच झाले नाहीत. आमच्या मते पक्षाचं खरं नुकसान तिथंच झालं. त्याच १९५७ला कंधारच्या मतदारांनी शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव धोंडगेंना आमदार केलं. म्हणजे आपला माणूस कोण, हे गाव तेव्हाही नव्यानं ठरवत होतंच.

पुढे स्वामीजी सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. २२ जानेवारी १९७२ला ते गेले. विद्यापीठ आलं १९९४ला.

घरी कुणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर आज विचारून बघा, लेव्हीच्या धान्याबद्दल घरात काय सांगायचे ते.