गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

ज्यांनी गायनविद्येस शाळेचे दार उघडून दिले, त्या पुरुषांत पंडित विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म कुरुंदवाड येथे ता. १८ ऑगस्ट १८७२ रोजी झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. बालपणी फटाक्याची दारू डोळ्यांत उडून दृष्टीस मोठी इजा झाली व शालेय शिक्षण खुंटले. तेव्हा मिरज येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांच्यापाशी गायन शिकण्याचा मार्ग धरण्यात आला. संकटातून असा त्यांच्या आयुष्यास ओघ मिळाला.

त्या काळी गवयाची विद्या लोकांस आवडे. पण गवयास मात्र मान नसे. मिरजेतील एका समारंभाचे आमंत्रण विष्णुबुवांस आले, परंतु त्यांच्या गुरुजींस केवळ गवई म्हणून वगळण्यात आले, अशी हकीकत चरित्रकार देतात. ही गोष्ट त्यांच्या मनास फार झोंबली. १८९६ साली राजाश्रय सोडून ते बाहेर पडले आणि गावोगाव फिरत पंजाबात पोहोचले. तेथे लाहोर शहरी ता. ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ते कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालले.

पूर्वी गुरूच्या घरी राहून, सेवा करीत, एकेकट्या शिष्याने वर्षानुवर्षे शिकावे अशी रीत होती. वर्गात वीस मुलांस एकदम शिकवावयाचे तर ती रीत पुरेना. म्हणून बुवांनी स्वरलेखनाची पद्धती बसविली, पायरीपायरीने क्रमिक पुस्तके छापविली, अभ्यासक्रम व परीक्षा ठरविल्या. अनेकांनी मिळून गावयाचे म्हणजे सर्वांचा षड्ज एक व लय एक पाहिजे. एकाची घाई सर्वांस भोवते. असा सराव शिस्तीवाचून होत नाही, आणि शिस्त ही त्यांच्या विद्यालयाची खूणच होती. चीजांतील हलके शब्द टाकून त्यांनी भक्तिपर पदांस जागा दिली. त्यामुळे कुलीन घराण्यांतील मुली व स्त्रियाही निःशंकपणे शिकू लागल्या.

१९०८ साली त्यांनी मुंबईस विद्यालय काढिले. काही वर्षे राहून पुढे शिक्षक होण्याचा करार करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांस अन्न, वस्त्र व विद्या फुकट मिळे. हा भार व इमारतीचे कर्ज शेवटी पेलवेना. १९२४ च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला. जन्माची कमाई डोळ्यांदेखत गेली. बुवा नाशिकास जाऊन रामनामात रमले व ता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस निवर्तले.

परंतु इमारत गेली तरी माणसे उरली होती. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढिले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास व बी. आर. देवधर ह्यांनी ती विद्या सर्वत्र पसरविली.

वाचकहो, आपल्या विष्णुपुरीसारख्या गावी कोणी शिक्षक सायंकाळी पोरांस गोळा करून पेटी, ढोलकी व झांजा एका तालात आणण्याची खटपट करीत असेल, तर त्यास रिकामटेकडा म्हणू नका. ज्या मानासाठी विष्णुबुवा मिरज सोडून निघाले, तो त्याच्याही वाट्यास येऊ द्या.