आल्थिया गिब्सन : उमेदवारीची वर्षे



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, तेव्हा मी संकोचून गेले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. लोणच्या-पापडावर लिहायचे असते तर गोष्ट वेगळी. पण गेले दोन महिने एका परक्या देशातल्या बाईने माझ्या मनात घर केले आहे. तिच्याविषयीच लिहिते.

त्याचे असे झाले. माझी धाकटी मुलगी शाळेतून बॅडमिंटन खेळते. सलग दोन वर्षे ती सामन्यांत पहिल्याच फेरीत हरली. घरी आली आणि रॅकेट माळ्यावर टाकून मोकळी झाली. आता तरी अभ्यासाकडे लक्ष देईल, असे घरात सर्वांना वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. माझ्या भावाने मात्र तिला अमेरिकेतील टेनिसपटू आल्थिया गिब्सन हिचे चरित्र वाचनालयातून आणून दिले. संध्याकाळी मी तांदूळ निवडीत बसे आणि ती मला एकेक प्रकरण मराठीत सांगे.

आल्थियाचा जन्म २५ ऑगस्ट १९२७ रोजी अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील सिल्व्हर या लहानशा गावी झाला. आईबाप कृष्णवर्णीय, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकविणारे. पिके बुडाली, हाती काही उरेना, तेव्हा १९३० च्या सुमारास हे कुटुंब न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या वस्तीत आले. पाच भावंडांत ही थोरली. पण थोरल्या मुलीचे शहाणपण तिच्या अंगी मुळीच नव्हते. शाळा बुडवावी, रस्त्यावर हुंदडावे, रात्री उशिरा घरी यावे आणि बापाचा मार खावा, हा तिचा क्रम. अशा मुलीला आपण काय म्हटले असते ते मी लिहीत नाही, तुम्ही जाणताच.

तिच्या घरापुढचा १४३ वा रस्ता मुलांना खेळण्यासाठी वाहनांना बंद ठेवीत. तेथे लाकडी फळीने खेळायचे छोटे टेनिस चाले. त्यात ती इतकी तरबेज झाली की बाराव्या वर्षी, १९३९ साली, साऱ्या न्यूयॉर्क शहरात पहिली आली. त्या रस्त्यावर मुलांना खेळविणारे बडी वॉकर नावाचे एक वादक होते. त्यांनी पदरमोड करून तिला जुन्या रॅकेटी घेऊन दिल्या. शेजारपाजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला कॉस्मोपॉलिटन क्लबात घातले. तेथे तिला शिकविणारे फ्रेड जॉन्सन यांना एकच हात होता. एका हाताच्या गुरूने दोन हातांच्या हूड मुलीला वळण लावले, हे ऐकून माझे तांदूळ सुपातच राहिले.

१९४६ साली कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती अंतिम सामना हरली. तरी प्रेक्षकांतल्या दोन डॉक्टरांनी तिच्यातले पाणी ओळखले. डॉ. ईटन यांनी तिला नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे आपल्या घरी ठेवून घेतले, शाळेत घातले. डॉ. जॉन्सन यांनी उन्हाळ्यात व्हर्जिनियातील आपल्या घरी खेळाचा सराव करविला. वय एकोणीस आणि शिक्षण अर्धवट! लहान मुलांबरोबर बाकावर बसून तिने १९४९ साली शालेय शिक्षण पुरे केले. त्याच काळात, १९४७ पासून, कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय स्पर्धा ती दरवर्षी जिंकू लागली. ती पुढे ओळीने दहा वर्षे जिंकली.

पण साऱ्या देशाची जी मोठी स्पर्धा न्यूयॉर्कजवळ फॉरेस्ट हिल्स येथे होई, तिचे दार तिला बंद होते. काळ्यांना मज्जाव असा नियम कागदावर कोठेही लिहिलेला नव्हता. मात्र तेथे जाण्यापूर्वी बड्या खासगी क्लबांच्या स्पर्धांत खेळून नाव कमवावे लागे आणि ते क्लब कृष्णवर्णीयांना बोलावणेच पाठवीत नसत. कागद स्वच्छ राही आणि दारही बंद राही. अशी व्यवस्था आपल्याकडेही काही अनोळखी नाही.

ते दार ठोठावले एका गोऱ्या बाईने. अ‍ॅलिस मार्बल ही चार वेळा अमेरिकेची आणि १९३९ साली विंबल्डनची विजेती. तिचा यात काही लाभ नव्हता. उलट आपल्याच मंडळींचा रोष ओढवून घ्यायचा होता. तरी १९५० च्या जुलै महिन्यात तिने टेनिसच्या मासिकात सडेतोड लेख लिहिला. आल्थिया जिंकेल असे तिने मुळीच म्हटले नाही. तिचा जो काय निकाल लागायचा तो मैदानावर लागू द्या, बंद खोलीत नको, एवढेच तिचे मागणे होते. त्यानंतर बोलावणे आले आणि त्याच ऑगस्टअखेर, तेविसाव्या वर्षी, आल्थिया फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर उतरली.

पहिला सामना ती जिंकली. दुसरा सामना त्या वर्षीची विंबल्डन-विजेती लुईस ब्रॉ हिच्याशी. तिसऱ्या डावात आल्थिया ७-६ अशी पुढे होती. इतक्यात आभाळ फाटले, वीज कडाडली, मैदानाच्या भिंतीवरील दगडी गरुड कोसळला आणि खेळ थांबला. रात्रभर ती तळमळली. दुसऱ्या दिवशी अवघ्या अकरा मिनिटांत ब्रॉने तिन्ही गेम घेऊन सामना जिंकला.

येथे माझी मुलगी वाचायची थांबली. म्हणाली की आता पुढच्या वर्षी ही नक्की जिंकणार, गोष्टीत असेच असते. पण तसे झाले नाही. १९५१ साली ती विंबल्डनला गेली आणि हरून आली. देशाच्या क्रमवारीत १९५२ साली नववी, १९५३ साली सातवी आणि १९५४ साली घसरून तेरावी! लोक म्हणू लागले की हिच्याविषयी उगाच गाजावाजा झाला. त्या काळी टेनिसमध्ये बक्षिसाचा पैसा नसे, म्हणून पोटासाठी ती मिसूरीतील एका महाविद्यालयात व्यायाम शिकवू लागली. खेळ सोडून सैन्याच्या महिला दलात जावे असेही तिच्या मनाने घेतले. तिलाही तिची रॅकेट माळ्यावर टाकायचीच होती.

त्या दिवसांत हार्लेममध्ये टॅक्सी चालवून टेनिस शिकविणारे सिडनी ल्युएलिन यांनी तिला धीर दिला. नुसता धीर नव्हे. रॅकेट धरण्याची तिची पद्धतच बदलायला लावली. सत्ताविसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शिकायचे! आपल्याला नव्या सुनेने चहाची रीत बदललेली सोसवत नाही.

१९५५ साली अमेरिकन सरकारने चार खेळाडू सदिच्छा भेटीसाठी आशियात पाठविले. त्यांत ती होती. ब्रह्मदेश, सिलोन, पाकिस्तान आणि आपला भारत येथे ती खेळली. येथल्या सावळ्या लोकांना ती आपलीशी वाटली. या दौऱ्यात तिचा खेळ खुलला. पुढे १९५६ साली तिने फ्रान्सची स्पर्धा जिंकली. १९५७ साली विंबल्डन जिंकल्यावर इंग्लंडच्या राणीच्या हस्ते तिला बक्षीस मिळाले. १९५८ सालीही विंबल्डन तिचेच. मोठ्या स्पर्धांतील तिची विजेतेपदे, दुहेरी धरून, अकरा झाली.

एवढ्यावर गोष्ट संपवली तर गोड होईल, पण खरी होणार नाही. नावाने भाडे भरता येत नाही. पैशासाठी ती धंदेवाईक झाली आणि बास्केटबॉलचा तमाशा दाखविणाऱ्या एका संघाच्या खेळाआधी टेनिस खेळून दाखवू लागली. १९६४ पासून ती धंदेवाईक गोल्फ खेळली. तेथेही ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. काही क्लब तिला कपडे बदलायला आत घेत नसत. ती मोटारीत कपडे बदली. म्हातारपणी आजार आणि दारिद्र्य आले. तेव्हा विंबल्डनला दुहेरीत तिची जोडीदार असलेली अँजेला बक्सटन ही मैत्रीण धावली. तिच्या प्रयत्नाने टेनिसच्या मासिकात मदतीची हाक छापली गेली आणि देशोदेशींहून पैसे आले. २८ सप्टेंबर २००३ रोजी आल्थिया वारली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या टेनिस मैदानात तिचा पुतळा बसविला.

तिची जिद्द मोठी, यात शंका नाही. पण मला सारखी आठवतात ती जुनी रॅकेट देणारा वादक, वर्गणी काढणारे शेजारी, लेख लिहिणारी मार्बल आणि धावून आलेली बक्सटन. ती तेरावी असताना तिला सोडून न देणारी माणसे मिळाली, म्हणून ती पुढे पहिली आली.

पुस्तक संपल्यावर मुलीने स्टूल घेऊन रॅकेट खाली काढली. ती जिंकेल की नाही, मला ठाऊक नाही. पण पुढच्या सामन्याला मी स्वतः जाऊन बसणार आहे.

आणि मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपले मागचे अंगण पापड वाळविण्याचे दिवस सोडले तर वर्षभर कुलूपबंद असते. रोज संध्याकाळी दोन तास ते आळीतल्या मुलींना खेळायला उघडून द्यावे आणि एक जाळे बांधावे. जाळ्याच्या वर्गणीचा पहिला वाटा माझा. किल्ली कोणी ठेवायची, एवढेच या वर्षी ठरवू या.